कोणी न बसलेला पाट

मी एक पाट. अस्सल सागाचा, चारी कोपऱ्यांना पितळी फुलं ठोकलेला. बसायलाच घडवलेला, पण आजवर माझ्यावर कोणी बसलेलं नाही. हसू येतंय ना? येऊ द्या.

कुरुंद्याच्या विश्वंभर सुताराने मला घडवलं, ते शालूबाईच्या सांगण्यावरून. तिचा नवरा तातेराव आसपासच्या ख्रिस्ती घरांचा प्रचारक. जेवणाच्या वेळी शालूबाई नवऱ्याचा पाट मांडायची, लेक कोमलचा मांडायची आणि समोर मला. स्वतः चुलीपाशी भुईवरच बसायची. माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवून म्हणायची, "हा प्रभूचा." झालं, संपला विषय.

तातेराव पवित्र शास्त्राचा, बायबलचा, मोठा जाणता. शुभवर्तमानं तोंडपाठ. हळद शिजवून दमलेली माणसंसुद्धा त्याचं बोलणं ऐकायला थांबायची. मी मात्र त्याच्या डोळ्यांत खुपायचो.

"अगं, देव सगळीकडं हाय. त्याला पाट काहून लागतो?"

"तुमचं बराबर हाय," ती म्हणायची. "पण मांडल्याबिगर मला घास गोड लागत न्हाई."

मग तो तिला चार गोष्टी समजावून सांगायचा. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मला मांडायची. जेवताना मध्येच थांबून माझ्याकडे बघत राहायची, कोणी जिवाभावाचं येऊन बसल्यासारखं. मी तर नुसतं लाकूड. पण त्या घटकेला मी रिकामा आहे असं मला वाटत नसे.

शालूबाई गेली. तिला माती देऊन आल्यावर तातेरावाने मला धान्याच्या कोठीमागे उभं केलं. तिथे माझी वर्षं गेली. अंगावर कोळ्यांनी जाळी विणली. पलीकडे ताटांचा आवाज व्हायचा आणि माझा जीव तुटायचा. एकटेपण काय असतं, ते मला विचारा.

मग तातेरावाचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, किल्ली. पुढे एका रविवारी प्रार्थनेत वचन सांगायला उभा राहिला आणि ते अर्ध्यातच तुटलं. घरी येऊन तो तेच वचन पुन्हा पुन्हा म्हणायचा आणि त्याच जागी अडायचा. एकदा लेकरासारखा रडला.

"शब्दच गेले तर मी प्रभूला कुठं हुडकू, पोरी? मला तर दुसरी वाटच ठाव न्हाई."

कोमल पदराने त्याचे डोळे पुसत राहिली. हळूहळू ते रडणंही थांबलं, आणि शास्त्राचं पुस्तक उशाशी नुसतं पडून राहिलं.

गेल्या महिन्यात एका दुपारी कोमल ताट वाढत होती. तातेराव उठला, भिंत धरत धरत कोठीमागे आला. मला ओढून काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं आणि आपल्या ताटासमोर मांडलं. पाण्याचा तांब्याही ठेवला.

"आबा, आईसाठी मांडला का?" कोमलने विचारलं.

"न्हाई. ती बी याचीच वाट पाहायची."

"कोणाची?"

तो आठवू लागला. ओठ हलले, कपाळाला आठ्या पडल्या. जन्मभर ज्याच्याविषयी बोलला, त्याचं नाव काही केल्या येईना. माझा तर जीव टांगणीला लागला. मग आठ्या आपोआप विरल्या.

"नाव येत न्हाई, पोरी. पण लय आपला हाय."

आता रोज मी पंगतीला असतो. तातेराव घास हातात धरून माझ्याकडे बघत राहतो, अगदी शालूबाई बघायची तसा. उद्या कदाचित तो मलाही विसरेल.

कोमल, तेव्हा मला पुन्हा कोठीमागे नेऊ नकोस, बाई. घाईत एखाद्या पाहुण्याला बसायलाही देऊ नकोस. आबा ताटावर बसले की तूच मला त्यांच्यासमोर मांड. कोणासाठी, ते मात्र त्यांना आता विचारू नकोस.