पाठीमागचा हात

मंगळवारी सकाळपासून थर्मन पेटिग्रू घरात उलटा चालत होता. स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात, दिवाणखान्यातून जिन्यापर्यंत, पाठ पुढे आणि तोंड मागे. कुत्र्याने दोनदा कसाबसा जीव वाचवला आणि मग तो सोफ्याखाली जाऊन बसला.

"कधीतरी माणसासारखं पुढे बघून चाल," ऑड्रा म्हणाली. ती त्याची बायको, कॉफीचा मग घेऊन ओट्याशी उभी होती. "लग्नाला अकरा वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं तू माझ्यापासून लांबच जातोयस, तेही माझ्याकडे तोंड करून."

"पाय मोकळे करतोय."

"पाय मोकळेच आहेत. डोकं अडकलंय."

खोटं काय होतं त्यात? थर्मन अमेरिकन फुटबॉलमधला कॉर्नरबॅक होता, आणि कॉर्नरबॅकचं पोट उलट्या पावलांवर चालतं. समोरच्या संघाचा सगळ्यात चपळ गडी सुसाट अंगावर येतो. त्याच्याकडे बघत मागे मागे सरकायचं, ऐन वेळी गर्रकन वळून त्याच्याबरोबर पळायचं आणि त्याच्या हाती चेंडू लागू द्यायचा नाही. काम एवढंच. पण चुकलात तर तुमची पाठ आठवडाभर टीव्हीवर दाखवतात.

थर्मनची पाठ टीव्हीवर फारशी दिसली नव्हती. बारा वर्षांच्या कारकिर्दीत पहिली तीन वर्षं समोरच्या संघांनी त्याच्या बाजूला चेंडू फेकून बघितला, हात पोळून घेतले आणि मग तो कोपराच सोडून दिला. नऊ वर्षं तिकडे चेंडू जवळपास आलाच नाही. रविवारमागून रविवार तो पळायचा, वळायचा, घामाघूम व्हायचा आणि चेंडूला बोटही न लावता घरी यायचा. लोक त्यालाच थोरपण म्हणत. त्याला स्वतःला पहिल्यांदा ते पंगतीला बसवून ताट न वाढल्यासारखं वाटायचं, पण पुढे त्या रिकामेपणाचीच चटक लागली.

आणि गेल्या रविवारी सहा वेळा चेंडू आला. चार पकडले गेले, त्यातला एक थेट टचडाउन, म्हणजे शेवटच्या रेषेपलीकडे, सहा गुण. चौतिशीतल्या पेटिग्रूचं एक पाऊल कमी झालंय, हा वास एका दुपारी साऱ्या लीगला लागला.

त्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे त्याने आईला फोन केला होता. मिस लोरेटा दक्षिण कॅरोलायनाच्या किनाऱ्यालगतच्या बेटावर राहायची. तीस वर्षं तिने खेकडे सोलायच्या कारखान्यात काढली होती आणि अजून बोटं जराही थरथरत नव्हती. सामना संपला की तिचा प्रश्न ठरलेला: "किती वेळा आला रे चेंडू?" खरं तर चर्चमधल्या बायका तिच्याकडे जमून सामना बघायच्या, टीव्ही तिच्या नाकासमोर असायचा. तरी विचारायची. थर्मनला वाटायचं, लेकाच्या तोंडून ऐकायची तिला हौस आहे. "एकदाही नाही, मम्मा," असं सांगताना त्यालाही बरं वाटायचं.

"सहा," त्याने या वेळी सांगितलं होतं.

मग तिने विचारलं, "कोळंबी पाठवू का थोडी, बर्फात घालून?"

बुधवारी संघाची बैठक होती. फळ्यावर दर आठवड्याला कोच हँडली प्रत्येकाच्या नंबरापुढे त्याचं काम लिहायचा. थर्मनच्या चोवीस नंबरापुढे नऊ वर्षं एकच शब्द असे: एकटा. म्हणजे समोरचा सगळ्यात भारी गडी थर्मनने एकट्याने सांभाळायचा आणि बाकीच्यांनी आपापलं बघायचं. या बुधवारी तो शब्द नव्हता. रॉस्को टिल्मनच्या नंबरापासून एक रेघ निघून चोवीसपर्यंत आली होती.

रॉस्को सेफ्टी होता, म्हणजे सगळ्यांच्या मागे राखणीला उभा राहणारा. ज्याचं पाऊल घसरेल त्याच्याकडे धावायचं. त्याची आणि थर्मनची नऊ वर्षांची जोडी होती आणि दोघांमध्ये एक खूण होती. चेंडू हलायच्या आधी थर्मन एक हात पाठीमागे न्यायचा. मूठ म्हणजे मी बघतो, तू मधे जा. उघडा पंजा म्हणजे इकडे ये. बैठकीत काहीही ठरलेलं असो, मैदानात हाताचं ऐकायचं असा दोघांचा करार होता, कारण समोरचे ऐन वेळी जागा बदलतात. नऊ वर्षांत पंजा कधी उघडलाच नव्हता. "तुझ्या उजव्या हाताला बोटं आहेत हे मला फक्त तू बर्गर खाताना कळतं," असं रॉस्को म्हणायचा.

बैठक संपल्यावर थर्मन कोचसमोर जाऊन उभा राहिला. अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

"ती रेघ कशाला?"

"रेघ मी नाही ओढली," हँडली खुर्चीतून न उठता म्हणाला. "मागच्या रविवारच्या सामन्याच्या फिल्मने ओढली. तू बघितलीस?"

"अकरा वेळा."

"मग मला काय विचारतोस?"

"एक सामना वाईट गेला, कोच. एकच."

"या रविवारचा गेला तर आपण घरी. जिंकलो तर प्लेऑफ, बाद फेरी. आणि तुझ्यासमोर तो ओक्स आहे, तेवीस वर्षांचा. तो पळायला लागला की माझ्या छातीत धडधडतं." हँडलीने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऐक. नऊ वर्षं मी तुझ्या हातावर सोडलंय, आजही सोडतो. ओक्स तुझ्या बाजूला लांब पळणार असं वाटलं की पंजा उघड. मी हुकूम देत नाही. पण मूठ दाखवून त्याने तुझ्या डोक्यावरून चेंडू नेला, तर पुढच्या आठवड्यात फळ्यावर चोवीस नंबर लिहिणार नाही. तू बाकावर बसशील."

"उघडेन पंजा," थर्मन म्हणाला.

गुरुवारी, शुक्रवारी त्याचं चित्त कशात म्हणून लागलं नाही. बर्फाच्या पाण्यात बसला तर दोन मिनिटांत उठला. मांडीचा स्नायू दाबून बघ, फिल्म लाव, बंद कर, पुन्हा लाव. ओक्सची पावलं त्याला पाठ झाली, पण त्याने काय होणार? ती पावलं कुठे जाणार ते त्याला आताही सगळ्यांच्या आधी कळत होतं. तिथे पोचायला मात्र अर्ध्या श्वासाचा उशीर होत होता. पूर्वी कळणं आणि पोचणं एकच होतं. आपण आता नुसते हुशार उरलो आहोत, या विचाराची त्याला भयंकर चीड आली.

शनिवारी दुपारी संघ हॉटेलात उतरला. रॉस्को खोलीबाहेर आला तर थर्मन कॉरिडॉरमध्ये उलटा सरकत होता आणि पाठीमागे हाताची उघडझाप करत होता. मूठ, पंजा, मूठ, पंजा.

"काय चाललंय? सांधेदुखी का?" रॉस्कोने विचारलं.

"सराव."

"हात उघडायचा सराव? माझी आठ महिन्यांची पोर न शिकवता करते."

"तिला पाठव मग उद्या."

रॉस्को हसला आणि मग हसायचा थांबला. "उघडशील ना?"

"म्हटलं ना, उघडेन."

रविवारी नदीवरून बोचरं वारं येत होतं. डेव्हियन ओक्स समोर येऊन उभा राहिला, तोंडातून वाफ सोडत.

"नमस्कार काका. थंडीत गुडघे धरतात का?"

"तुझी आई काळजी करते वाटतं माझी," थर्मन म्हणाला.

"ती तुमची जुनी चाहती आहे. म्हणाली, म्हाताऱ्याला जपून."

पहिल्याच डावाला चेंडू थर्मनच्या बाजूला आला. आखूड होता, ओक्सने पकडला, थर्मनने त्याला तिथेच आडवा केला. दुसऱ्यांदा आला तेव्हा थर्मनने बोटाच्या टोकाने उडवला. लोक ओरडले आणि त्याच्या अंगात जुनं रक्त सळसळलं. हेच ते. कोण म्हणतं पाऊल कमी झालंय?

मध्यंतराला चार मिनिटं होती. ओक्स त्याच्या बाजूला आला, डावा पाय किंचित मागे ठेवून. लांब पळणार. थर्मनने ते फिल्मवर चाळीस वेळा बघितलं होतं, शंकाच नव्हती. त्याने हात पाठीमागे नेला. चेंडू हलला, ओक्स सुटला, आणि मागे सरकता सरकता थर्मनला जाणवलं की तळव्यात नखं रुतताहेत. हाताची मूठ झाली होती.

तोवर रॉस्को मधे निघून गेलेला. थर्मन वळला, पळाला, जिवाच्या आकांताने पळाला. चेंडू त्याच्या उंचावलेल्या हातावरून वीतभर वरून गेला आणि ओक्सच्या ओंजळीत पडला. टचडाउन.

रॉस्को धापा टाकत आला. "मूठ होती."

"माहीत आहे."

"तू पंजा म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो," थर्मन म्हणाला. "हाताने ऐकलं नाही."

मध्यंतरात हँडली त्याच्या बाकाशी आला, दोन क्षण उभा राहिला आणि पुढे गेला. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या आठवड्याचा निकाल लागला होता, आता पुढचा आठवडा तरी उगवतो की नाही एवढंच बाकी होतं. थर्मनने हातमोजा काढून उजव्या हाताकडे बघितलं. वाकडी झालेली करंगळी, दोनदा मोडलेला अंगठा. बारा वर्षं या हाताने त्याला एकटं उभं राहायला शिकवलं होतं आणि आता तो त्याचंच ऐकायला तयार नव्हता. राग तरी कोणावर काढायचा?

दुसरा अर्धा रेटारेटीचा झाला. शेवटी नऊ सेकंद उरले तेव्हा थर्मनचा संघ चार गुणांनी पुढे होता, आणि चेंडू समोरच्यांकडे, शेवटच्या रेषेपासून एकतीस यार्डांवर. एक फेक. ती पकडली गेली की सामना गेला, वर्षही गेलं.

ओक्स त्याच्या बाजूला आला. आता थट्टा नव्हती, डोळे नुसते लकाकत होते. डावा पाय किंचित मागे.

थर्मनने हात पाठीमागे नेला. बोटं आपोआप मिटू लागली. त्याने दात आवळले आणि एकेक बोट सोडवलं, चिकटलेली गाठ सोडवावी तसं. अंगठा सगळ्यात शेवटी सुटला. नऊ वर्षांत पहिल्यांदा पाठीमागे पाच बोटं पसरली.

मागे रॉस्कोची पावलं वाजली नाहीत. त्याचा डोळ्यांवर विश्वास बसत नसणार. थर्मनने वळून न बघता पंजा जोरात हलवला. ये. ये इकडे, गाढवा.

मग पाठीमागे पावलं वाजली आणि ती जवळ आली. या आवाजाची त्याला सवय नव्हती.

चेंडू हलला. ओक्स उसळला, थर्मन त्याच्याबरोबर, आणि वर रॉस्को. समोरच्या क्वार्टरबॅकने, चेंडू फेकणाऱ्याने, इकडे बघितलं, हात उगारला, दोघांना बघितलं आणि अंग फिरवलं. चेंडू दुसऱ्या टोकाला गेला. तिथे ल्यूशस क्रोफ्ट होता, दुसऱ्याच वर्षातला कॉर्नरबॅक. रॉस्को थर्मनकडे आल्यामुळे तो एकटा पडला होता. क्रोफ्टने उडी मारली आणि चेंडू जमिनीवर आपटला.

सगळं मैदान तिकडे धावलं. बाकावरचे, कोच, पाण्याच्या बाटल्यांवाले, सगळे. थर्मन आपल्या कोपऱ्यात उभा राहिला. नऊ वर्षं चेंडू त्याच्याकडे येत नसे तो त्याच्या धाकाने. आजही आला नाही, पण धाक त्याचा नव्हता. दुसऱ्या टोकाला क्रोफ्ट खांद्यांवर चढला होता, आणि त्या पोराला अजून बरीच वर्षं एकटं राहायचं होतं. थर्मनला त्याचा हेवा वाटला आणि दयाही आली.

ओक्स शिरस्त्राण काढून त्याच्याजवळ आला.

"माझ्यासाठी दोघं, काका?"

"तुझ्यासाठी दोघं."

ओक्सने मान खाली घातली, मग हात पुढे केला. थर्मनने उजवा हात दिला.

कपडे बदलायच्या खोलीत आरडाओरडा चालला होता. हँडली जाता जाता त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "बोललो होतो त्यात बदल नाही."

"नका करू," थर्मन म्हणाला, आणि हे आपल्याला इतकं सहज कसं म्हणता आलं याचं त्याला नवल वाटलं. मोज्यांवरच तो बाहेरच्या बोळात गेला आणि फोन लावला.

"किती वेळा आला रे चेंडू?" मिस लोरेटाने विचारलं. मागे बायकांचा कलकलाट चालला होता.

"तीनदा. एकदा डोक्यावरून गेला." तो भिंतीला टेकला. "शेवटी नाही आला."

"भ्यायले असतील तुला."

"नाही, मम्मा. दोघं होतो आम्ही. मी रॉस्कोला बोलावलं."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला. बायकांचा गलका मागे राहिला. ती बहुतेक मागच्या ओट्यावर जाऊन बसली होती.

"तू बोलावलंस?"

"हो. तू बघितलं असशील ना, टीव्हीवर."

"मी कधी बघते?" ती म्हणाली. "बारा वर्षं झाली. तू तिथे कडेला एकटा उभा दिसलास की माझ्याच्याने बघवत नाही. पहिला चेंडू सुटला की मी इथे मागे येऊन भेंड्या चिरत बसते. त्या बायकांना सांगितलंय, पोराला कळू द्यायचं नाही. म्हणून तर तुला विचारते, किती वेळा आला."

थर्मन भिंतीशी खाली बसला.

"तो मुलगा, रॉस्को," मिस लोरेटा म्हणाली, "लगेच आला का रे?"

"जरा उशीर केला. पण आला."

"त्याचा पत्ता दे. त्यालाही कोळंबी पाठवते."