ऑर्फेलिनाची ओळ

"कात्र्या खाली ठेवा गं," म्हणत ऑर्फेलिना पालथ्या क्रेटवर बसली. द्राक्षतोडणीच्या टोळीतल्या अकरा बायका थबकल्या.

गास्पार तरातरा आला. राजधानीत शेतीशास्त्र शिकलेला मळ्याचा हा नवा इंजिनिअर मार्चच्या उन्हाने लालबुंद झाला होता.

"मावशी, मर्लो आजच उतरवायचीय."

"मर्लो गेल्या आठवड्यात उतरवली. ही वेगळी जात, उशिरा पिकणारी."

"कागदावर मर्लोच आहे."

"कागदाला पालवी फुटते का रे? हिची पालवी लाल फुटते." तिने एक मणी चावून बी तळहातावर काढली. "हिरवीगार! आत्ता काढलीस तर वाइनला ढोबळ्या मिरचीचा वास मारेल."

चिलीतल्या कोल्चाग्वाचं अख्खं खोरं या वेलींना मर्लोच म्हणत आलं होतं, तिची आईसुद्धा. पण आई तोडणी मात्र दोनदा करायची, लाल पालवीच्या वेली मागे ठेवून. चाळीस वर्षं या वेली छाटणाऱ्या बाईला कालचं पोर अक्कल शिकवणार, याचा ऑर्फेलिनाला मनस्वी राग आला.

"तोडायचं नसेल तर घरी जायचं," गास्पार म्हणाला. "उद्यापासून यायचं नाही."

शेजारच्या ओळीतली नेलिदा कुजबुजली, "मावशी, माझ्या घरी खाणारी तीन तोंडं आहेत गं."

"तू तोड बाई. तुझ्यावर कसला राग?"

बायकांनी खाली मान घालून कात्र्या उचलल्या. संध्याकाळपर्यंत सगळा मळा रिकामा झाला. ऑर्फेलिनाची ओळ तेवढी उरली, कारण ती तिथून हललीच नाही.

"राहू दे ती एक," गास्पार वैतागला. "सडल्यावर कळेल."

कामावरून काढलेली बाई दुसऱ्या दिवशी सकाळी हजर! तीन आठवडे ती रोज आली, फुकट. पत्र्याची थाळी बडवून पाखरं उडवायची, दुपारी भाजलेल्या गव्हाचं पीठ थंड पाण्यात कालवून प्यायची. लोक हसले. तिने ढुंकूनही पाहिलं नाही. ओळीतली पानं शेंदरी झाली, आणि एका सकाळी दाताखालची बी खारीक फोडावी तशी कडकन फुटली.

तिने एकटीने ओळ उतरवली. एकेक क्रेट वाइनरीच्या दाराशी नेऊन ठेवला.

"घे, खाऊन बघ."

गास्पारने एक मणी खाल्ला, बी चावली. मग दुसरा खाल्ला.

"मावशी, पुढच्या वर्षी कधी तोडायची?"

"मला काय विचारतोस? मला तू काढून टाकलंयस."

तिने नळावर हात धुतले. बोटांचा जांभळा रंग काही निघेना. तशाच हातांनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधून ती फाटकाबाहेर पडली.