तात्पुरती गाठ

जावई खाली गाडीत बसून दुसऱ्यांदा हॉर्न वाजवत होता आणि पक्कडकाका अजून सिंकच्या नळाशी झटत होते.

हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून हा माणूस हातात पक्कड नाही असा कुणाला दिसलाच नव्हता. ओघानंच त्यांची बायको झाली पक्कडकाकू. काकूंना त्या नावाचा भारी राग, पण आज रागवायलाही सवड नव्हती. दुपारच्या आत काकांना हॉस्पिटलात दाखल व्हायचं होतं. उद्या हृदयाचं ऑपरेशन. उशीर केलात तर खाट दुसऱ्याला जाईल, मग पुढची तारीख कधीची ते विचारू नका, असं तिथल्या बाईंनी फोनवर बजावलं होतं. आणि तोवर हे हृदय दम धरेल का, या प्रश्नावर डॉक्टरांनी चष्मा पुसायला घेतला होता.

नळ भिंतीतून बाहेर येतो त्या सांध्यातून पाणी झिरपत होतं. ओघळ भिंतीवरून ओट्यामागे उतरायचा. घर आठवडाभर बंद राहिलं की खालच्यांच्या छताची वाट लागणार हे नक्की. सिंकखालचा पाणी बंद करायचा कॉक जुना, कितीही आवळला तरी पूर्ण बंद होत नव्हता.

“अहो, सांध्याला फडकं बांधते आणि टोक सिंकमध्ये सोडते. पाणी त्यावरून उतरेल खाली. चला आता.”

“तात्पुरतं काम मला चालत नाही,” काका म्हणाले. “झालंच. पाच मिनिटं.”

ही पाच मिनिटं सकाळपासून चालली होती. काकू धुसफुसत पिशवी आणायला आत गेल्या. टॉवेल, रिपोर्टांची फाईल, औषधं. सगळं कोंबून परत आल्या आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकल्या. सांधा कोरडा ठणठणीत होता. नळाच्या आट्यांवर नवी पांढरी टेप, एक थेंब कुठे नाही. आणि काका पाना लावून तोच नळ पुन्हा सैल करत होते.

काकूंच्या डोक्यात तिडीक गेली.

“जायचं नाही तर तसं सरळ सांगा ना. नळाच्या आड कशाला लपताय? महिनाभर हॉस्पिटलवाल्यांचे उंबरठे झिजवून तारीख मिळवलीय मी. भीती वाटते ना? मग वाटते म्हणा. मलाही वाटते. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या.”

काकांनी नळ काढून ओट्यावर ठेवला. उघड्या पाइपातून बारीक धार सिंकमध्ये पडू लागली.

“जायचंय मला,” ते म्हणाले. “तू इकडे ये. ही टेप धर.”

“मी कशाला?”

“आट्यांच्या दिशेनं गुंडाळायची. उलटी गुंडाळलीस तर नळ बसवताना सगळी सुटून येते. कर तू, मी बघतो.”

टेप हातात आली आणि मग काकूंच्या लक्षात आलं. गेले पंधरा दिवस हेच चाललं होतं. त्यांना स्टुलावर चढवून फ्यूज बदलायला लावला होता. पंपाचं कुठलं बटण आधी दाबायचं, गॅसचा रेग्युलेटर कसा काढायचा, सगळं दोन-दोनदा करून घेतलं होतं. माणसाला रिकामा वेळ खायला उठलाय असं समजून काकू हो हो म्हणत राहिल्या होत्या. आपल्यामागे हिचं अडू नये म्हणून ही सोय चालली होती, हे त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्यांनी टेप गुंडाळली. नळ फिरवत बसवला, पान्यानं आवळला. काकांनी कॉक सोडला. सांधा कोरडाच राहिला.

“बघ,” काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान काकूंना बघवेना. “जमलं तुला. आता तुझं काही अडायचं नाही.”

काकूंनी पाना पुन्हा नळाला लावला आणि होता नव्हता तेवढा जोर काढून उलटा फिरवला. भिंतीवरून ओघळ निघाला. मग उशीचा जुना अभ्रा ओढून त्यांनी टर्रकन पट्टी फाडली, सांध्याभोवती गुंडाळून गाठ मारली आणि टोक सिंकमध्ये सोडलं.

“अगं, चांगला बसला होता की.”

“मला काही येत नाही,” काकू म्हणाल्या. “माझं सगळं अडणार आहे. आल्यावर तुम्हीच बसवा.”

खालून हॉर्न वाजला, या वेळी लांबलचक. काका ओली होत चाललेली पट्टी बघत राहिले. बोट लावून त्यांनी गाठ चाचपली.

“ही काही आठवडाभर टिकायची नाही.”

“मग त्याच्या आत या.”

मग काकांनी पाना शर्टाला पुसला आणि सगळ्यात वरच्या फळीवर ठेवला, जिथे काकूंचा हात पोचत नसे. पिशवीचा एक बंद स्वतः धरून ते जिन्याकडे निघाले.