बद्द

दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यात, क्ष-किरण यंत्रामागच्या भिंतीला ते चाक टेकून ठेवलेलं होतं. तारा नसलेलं, दोन्ही अंगांनी कार्बनच्या पातळ पत्र्याने बंद केलेलं. काळं आणि सपाट, ग्रहण लागलेल्या बिंबासारखं. डॉक्टर एकेकाळी सायकलच्या शर्यतीत उतरत असे. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता, आणि चाक नुसतं धूळ खात होतं.

घ्यायला आले होते मामा आणि त्याची भाची. मामाने चौतीस वर्षं लेथवर काढली होती. भाचीला घरात सगळे भिंगरी म्हणत. तीन आठवड्यांनी तिची निवड चाचणी होती, वळणांवर तिरप्या होत जाणाऱ्या लाकडी ट्रॅकवर, एकटीने घड्याळाशी लढायची. तारांच्या चाकाला वारा अडतो, बंद चाकावरून तो निसटून जातो. त्या निसटण्यातून मिळणारा एखादा सेकंद तिला हवा होता.

डॉक्टर सरळ माणूस होता. हे चाक एकदा गाडीच्या टपावरून कठड्यावर आदळलंय, असं त्याने आपण होऊनच सांगितलं. वरून ओरखडाही नाही. पण आतले थर सुटले असतील तर ते डोळ्यांना दिसत नाही, कानालाच कळतं. "मी आपला दात ठोकणारा," तो म्हणाला. "चाक तुम्ही वाजवून घ्या."

त्याने मामाच्या हातात एक नाणं दिलं. शेजारच्या खोलीत कॉम्प्रेसर घरघरत होता. भिंगरीने कान टवकारून पाहिले आणि नाद सोडला. मामा असताना तिने कशाला ऐकावं? कारखान्यात मशीन आजारी पडलं की त्याला बोलावणं जायचं. पेचकस मशीनच्या अंगाला लावायचा, मूठ कानाशी धरायची, आणि शंभर आवाजांतून दुखरा आवाज नेमका वेचून काढायचा, अशी त्याची ख्याती होती.

मामाने नाणं बोटभर अंतरावर ठोकत ठोकत चाकाला पूर्ण फेरा घातला. दुसऱ्या बाजूनेही घातला. नाणं आपटल्याचं बोटांना कळत होतं. त्यापलीकडे, जिथे आवाज असायला हवा होता, तिथे कापसासारखं काहीतरी भरलेलं होतं. गेली सहा वर्षं ते हळूहळू भरत आलं होतं. त्याने ते कुणालाच सांगितलं नव्हतं. बहीण म्हणे, हा माझं सगळं कानामागे टाकतो. त्यावर तो हसे, कारण कानामागे टाकणारा माणूस निदान ऐकणारा तरी असतो.

दोघं त्याच्याकडे पाहत होते. मामाने मान डोलावली. "खणखणीत आहे."

चाक घरामागच्या खोलीत, त्याच्या छोट्या लेथजवळ आलं. ते रस्त्यावरच्या सायकलीचं होतं. रस्त्यावर पाय थांबले तरी चाक आपल्या नादात पळत राहतं. ट्रॅकवर ती मुभा नाही. तिथे सायकलला ब्रेक नसतो, आणि दातेरी चक्र चाकाला असं जखडलेलं असतं की चाक फिरतंय तोवर पायही फिरतात. मामाने आतली मोकळी फिरणारी यंत्रणा काढून टाकली आणि तिच्या जागी पोलादाची नळी कातून बसवली. तिच्यावर चक्रासाठी सरळ आटे पाडले. आणि पाय मागे रेटला तरी चक्र सुटू नये म्हणून त्याला आवळून धरणाऱ्या बाहेरच्या कड्यासाठी उलटे. मग आस दहा मिलिमीटरने आखूड केली. नखाच्या टोकाने तो आट्यांची कड तपासे आणि केसाएवढी खोट दिसली तरी तुकडा बाजूला टाकून नवा कातायला घेई. तिसरा तुकडा बाजूला पडला तेव्हा भिंगरी दारात उभी होती.

"आट्यांसाठी एवढा आटापिटा?" ती म्हणाली.

त्याने ओठांवरून ते वाचलं, आणि विनोद कळल्याच्या आनंदात गरजेपेक्षा जरा जास्तच हसला. हाताने होणाऱ्या गोष्टींत त्याने कणभर खोट राहू दिली नाही. जणू हातांचा हा प्रामाणिकपणा कानांच्या खोटेपणावर चढवता येईल. जणू एक खरं माप दुसऱ्या न घेतलेल्या मापाची भरपाई करू शकतं.

चाक नेमकं बसलं. भिंगरीने आठवडाभर त्यावर सराव केला. बंद चाक लाकडावरून जाताना दूरवर ढोल घुमल्यासारखं घुमतं, असं सगळे सांगत. कठड्याशी उभ्या असलेल्या मामाला तळव्यांखाली एक बारीक थरथर लागे, ती फक्त जवळ येई आणि दूर जाई. तिच्या देखण्या, निःशब्द फेऱ्या तो पाहत राही.

चाचणीच्या सकाळी, तिच्या आधी दोघीच जणी उरल्या असताना, ती सायकल घेऊन त्याच्यासमोर येऊन थांबली. काल तिसऱ्या वळणावर, जोर लावला की चाकातून काहीतरी टिकटिकत होतं. कदाचित आपला भास असेल, असं ती म्हणाली. तिने मागचं चाक उचललं, पायडल हाताने फिरवलं. काळी थाळी फिरू लागली.

"ऐक एकदा," ती म्हणाली. "तू हो म्हणालास की मी निघते."

मामाने आसेवर बोटं ठेवली. फिरणं निर्मळ होतं, त्याच्या हातांनी केलेलं सगळं जागच्या जागी होतं. तिसऱ्या वळणावर ती तिरकी होऊन उतरते तेव्हाचा वेग त्याला ठाऊक होता. ब्रेक नाही, हेही. हो हा शब्द किती लहान असतो, आणि किती दिवस तो फुकट वाटत आला होता.

"भिंगरे," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

"इथे गोंधळ आहे, चल, आत जाऊ."

"आतही नाही येणार. दवाखान्यातही आलं नव्हतं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिने चाक काढलं, बाकावर आडवं टाकलं आणि खिशातलं नाणं घेऊन स्वतः ठोकू लागली. मामा तिचा चेहरा वाचत होता. अर्धा फेरा चेहरा स्थिर राहिला. आसेपासून वीतभर अंतरावर नाणं थबकलं. पुन्हा पडलं, पुन्हा पडलं.

"इथे वेगळा येतो," ती म्हणाली. शब्द शोधत थांबली. "घसा बसल्यासारखा."

"बद्द," मामा म्हणाला. "त्याला बद्द म्हणतात. तडा गेलेलं मडकं वाजतं तसा."

"बद्द," तिने म्हणून पाहिलं.

तळहाताएवढा भाग तसा निघाला. सायकलला तारांचं चाक चढवायला चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत दोघांचे हात एकमेकांना न अडखळता चालत होते.

निवडीची वेळ तिला सात दशांश सेकंदाने हुकली. यादी लागली, तीत ती नव्हती. पुढची चाचणी तीन महिन्यांनी.

बाहेर वाहनतळाकडे जाताना मामाने न राहवून विषय काढलाच. ते चाक धड असतं तर, असं काहीसं तो पुटपुटला.

"धड नव्हतं," ती म्हणाली. "आणि तू गप्प राहिला असतास तर आत्ता मी त्या वळणावर पडलेली असते, आणि इस्पितळातला डॉक्टर तुला माझं काहीतरी सांगत असता, आणि तू मान डोलावत असतास."

मामा थांबला. ती दहा पावलं पुढे गेली. तिथून वळून काहीतरी बोलली. ओठ हलले, पण ऊन तिच्या पाठीमागे होतं आणि चेहरा काळोखा.

"कळलं नाही," तो म्हणाला.

ती परत आली. "कुठला कान बरा आहे, असं विचारलं."

"डावा. थोडासा."

तिने चाकाची पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली, त्याच्या डाव्या बाजूला आली, आणि तारांच्या चाकावर तिसरं वळण कसं गेलं ते पहिल्यापासून, सावकाश, सांगायला लागली.