बिनकानाचा कप

माझं डोकं गरम आहे, हे आख्ख्या भोकरदनला माहीत आहे. तीस वर्षं मास्तरकी केली, पोरं मागून 'फटाका सर' म्हणायची. म्हणू द्या. पण जालन्याच्या त्या जपानी हॉटेलात जे झालं, त्याला निस्ता राग म्हणू नका, एवढंच माझं म्हणणं आहे.

दोन हजार तीन साल. माझा पोरगा संपत जालन्याला सळयांच्या कारखान्यात इंजिनेर. कारखान्यात जपानहून मशीन आलं, त्याच्या मागं चार जपानी माणसं आली, आन त्यांच्या पोटासाठी औरंगाबाद रोडवर जपानी हॉटेल निघालं. चालवणारा मच्छिंद्र, टेंभुर्णीचा. पुण्यात जपान्यांच्या हाताखाली दहा वर्षं सैपाक शिकून आल्ता. संपतला कंपनी वर्षभरासाठी जपानला धाडून राह्यली होती. जायच्या आधीच्या रविवारी म्हणला, "बाबा, आईला घेऊन दुपारी जेवायला या. तिकडं मला काय खावं लागणार, ते बघा तरी."

मी बिलकुल खूश. छप्पन्नला माझ्या बापानं आम्हाला घेऊन दीक्षा घेतली, तेव्हापासून आमचं घर बुद्धाचं. आन जपान बुद्धाला मानणारा देश. तिथं माझा पोरगा चाललेला! इस्त्रीचा कोट घातला, बुटाला पॉलिश केलं. माझी बायको झुंबरबाई म्हणली, "पोरगी बघायला चालले का काय?"

दारात पोचलो तर मच्छिंद्र कमरेत वाकला. "या सर. बूट इथंच काढा."

"का म्हणून?"

"आत चटया हायेत. जपानी पद्धत हाये."

माझ्या कपाळावरची शीर उडायला लागली. संपत म्हणला, "बाबा, सगळेच काढतात." त्यानं काढलेच होते. सून बेबीनंदा, तिनंही सँडल काढल्या. मंग मीही काढले.

आत गेलो तर खुर्ची न्हाई. वीतभर उंचीचे टेबलं, आन माणसं खाली मांडी घालून बसलेली. नोकरी लागली त्या दिवशी मी एक ठरवलं होतं. हॉटेलात बसायचं तर आत, आन खुर्चीवर. न्हाई तर उपाशी घरी. आजवर हा नेम मोडला न्हवता. "खुर्ची आण," मी म्हणलं.

मच्छिंद्र हात चोळत म्हणला, "खुर्ची बाहेर वऱ्हांड्यात टाकतो सर. तिथं आरामात बसा, ताट तिथंच आणून देतो."

बाहेर! तळपायाची आग मस्तकात गेली. "बाहेर बसणार न्हाई," मी वरडलो. पलीकडं दोघं जपानी जेवत होते, त्यांनी मान वळवली.

संपत दातओठ खात हळूच म्हणला, "बाबा, साहेब बसलेत तिकडं. घरी रोज खालीच बसून जेवता ना?"

घरी! घरी मी राजा हाये, खाली बसंन, न्हाई तर खाटंवर. हॉटेल येगळं. पण पोराचं तोंड उतरलं होतं आन चार दिवसांनी तो जाणार होता. नेम मोडला आन बसलो. मनातल्या मनात मच्छिंद्रच्या सात पिढ्या उद्धरल्या.

आधी चहा आला. हिरवा, बिनदुधाचा. झुंबरबाई म्हणली, "अगं बाई, ह्यो तर पाला उकळलाय." बेबीनंदा हसली. मी कप धरायला बोट पुढं केलं, तर बोट अडकायला जागाच न्हाई. कपाला कान न्हवता.

कप उचलला आन भिंतीवर हाणला.

मच्छिंद्र पळत आला. "काय झालं सर? चटका बसला का?"

"कान तुटलेला कप देतो मला? माझी जात कुणी सांगितली तुला? पायताण काढायला लावलं, खाली बसवलं, आता कपही येगळा?"

मच्छिंद्र पांढराफटक पडला. "आईची शपथ सर, जपान्यांचे कप असेच असतात. सगळ्यांना तेच देतो." मी बघितलं. संपतचा कप, झुंबरबाईचा कप, त्या दोघा जपान्यांचेही कप. एकालाही कान न्हवता.

आता राग कुणावर काढायचा, सांगा. मच्छिंद्र बिचारा खाली वाकून तुकडे वेचून राह्यला होता. त्याचा काय दोष? ज्यांचा दोष होता ते तर केव्हाच मेले. लेकराबाळांत, दूधतूप खाऊन, मजेत मेले. मला त्याचाच जास्त संताप आला.

संपत लालबुंद झाला होता. "लाज आणली बाबा! एका कपापायी? येड लागलं का तुम्हाला?"

"येड न्हाई रे," झुंबरबाई म्हणली. "आपल्या गावी स्टँडवर हॉटेल हाये ना, त्याच्या भिंतीला तवा बाहेरून कोनाडा होता. त्यात कान तुटलेले कप. आपल्या लोकांनी चपला लांब काढायच्या, आपला आपण कप घ्यायचा, मालक वरून चहा ओतणार. बाहेर मातीत बसून प्यायचा, धुवायचा, परत कोनाड्यात ठेवायचा. तुझा बाबा बारा-तेरा वर्षांचा होईस्तोवर तसाच पेला."

"हे तर मी पुस्तकात वाचलेलं हाये," संपत म्हणला. "पण आपले बाबा?"

"मंग पुस्तकात काय आभाळातून पडतं का रे गाढवा?" मी म्हणलं.

"मला कधी सांगितलं का न्हाई?" आता त्याचा आवाज माझ्याहून मोठा. रक्तच तसलं आमचं. "उलट दर उन्हाळ्यात गावी गेलो की त्याच हॉटेलात मला धाडायचे. दुसरीत होतो मी! जा, आत बाकड्यावर बस, भजे खा, चहा पी. सोता रोडच्या पल्याड उन्हात उभे. मी हाक मारली की म्हणायचे, मला पित्त हाये. का धाडलं मला तिथं? ज्यांनी तुम्हाला मातीत बसवलं, त्यांचा धंदा चालवायला?"

"तुला बघायला!" मी वरडलो.

"काय?"

"तुला आत बसलेलं बघायला रे! त्याच मालकानं, म्हातारा झाल्ता तवा, आपल्या हातानं तुझ्यापुढं कपबशी आणून ठेवायची. तू बशीत ओतून फुर्र फुर्र प्यायचा, पाय हलवत. ते बघायला उभा राहायचो मी उन्हात. आन तुला सगळं सांगितलं असतं, तर पाय हलवत बसला असता का तू?"

संपतनं आपला कप माझ्यापुढं सरकवला. मी मात्र अजून वरडूनच राह्यलो होतो.