काशीला सोडलेलं जांभूळ

काशीला जाऊन आलं की आपलं आवडतं एखादं फळ किंवा भाजी जन्मभरासाठी सोडायची, ही आमच्याकडची रीत. माझी बायको विमल भोळी. तिनं खरोखरच जिवापाड आवडणारं वांगं सोडलं. मी पडलो शाळामास्तर. मी जांभूळ सोडलं, म्हणजे वर्षातला एकच महिना जड जाणार. त्यावरून ती मला चारचौघांत चिडवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. सेलूच्या घरात मी एकटाच असतो. मुलगी इंदूरला आहे, दिवाळीला तिचं पत्र येतं.

मधुमेह बारा वर्षांपासूनचा. गेल्या हिवाळ्यापासून डावा पाय सुजलेला. दवाखान्यातून कोणीतरी माझं नाव दिलं आणि जूनमध्ये अंबिका दारात उभी राहिली. मूळची वालूरची, परभणीला राहून शिकणारी. साखरेच्या माणसाच्या अंगात आतल्या आत दाह चालू असतो म्हणे. जांभळाच्या सालीतल्या गडद रंगानं तो कमी होतो का, हे तिला तपासायचं होतं. गावातली माझ्यासारखीच पाय सुजलेली तेरा माणसं तिनं निवडली होती. महिनाभर रोज वाटीभर जांभळं खायची, बाकी जेवण आणि गोळ्या नेहमीच्याच. दर गुरुवारी ती येऊन घोट्याभोवती टेप लावून सूज मोजणार आणि रक्त घेणार.

"काका, तुमाला जमंल ना?"

मी जांभूळ सोडलंय, हे सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात तिनं चुलीकडं बघत विचारलं, "एकटेच राहता? मग जेवणाचं काय करता?"

तीन वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. खरं सांगितलं असतं तर तिनं माझं नाव खोडून दुसरं घर धरलं असतं. मी म्हणालो, "न जमायला काय झालं?"

अंबिकानं ठरवून दिलेली लक्ष्मीबाई माळीण रोज सकाळी वाटीभर जांभळं दारात ठेवून जायची. ती मी शेजारच्या कडूबाईच्या शेळीपुढं ओतायचो. गुरुवारी मात्र एक जांभूळ जिभेवर चांगलं चोळायचो, थुंकायचो आणि चूळ भरायचो. पोटात गेलं नाही म्हणजे मोडलं नाही, हा माझा कायदा. अंबिका आली की मी शहाण्या पोरासारखी जीभ बाहेर काढून दाखवायचो. ती हसायची आणि कागदावर सात दिवसांच्या सात खुणा करायची. जन्मभर पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि म्हातारपणी स्वतःच कॉपी करायला लागलो.

ती अर्धा तास बसायची. चहा प्यायची, वडिलांच्या कपाशीचं सांगायची, माझ्या डब्यातलं पीठ जाळी धरलेलं दिसलं की रागवायची. एका गुरुवारी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता, एसट्या उभ्या होत्या. तरी ती पॅसेंजरनं आली. सांगायला लाज वाटते, पण बुधवारपासूनच मी दाराकडं कान लावून असायचो. सूज उतरली काय नि न उतरली काय, मला त्याचं काही नव्हतं.

शेवटच्या गुरुवारी तिनं टेप लावली, आकडा लिहिला आणि चहाला हात लावला नाही.

"काय झालं?"

"बाकीच्यांची सूज थोडी थोडी उतरायलीय, काका. रक्तातबी फरक हाय. पण त्यांचे मधले दिवस चुकलेत. कोणी लग्नाला गेलं, कोणाला कंटाळा आला. कॉलेजातले सर म्हणले, एकबी दिवस न चुकवता खाणारा माणूस एकच हाय, आन् त्याला काडीचा फरक न्हाई. म्हणजे जांभळानं काही होत न्हाई, असंच लिव्हा."

तिची सही-शिक्क्याची वही माझ्या गुडघ्याशी उघडी पडली होती. माझं पान सगळ्यात स्वच्छ होतं. बोललो नाही तर तिची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. बोललो तर उद्यापासून मी तिच्या लेखी एक लबाड म्हातारा.

"मी एकही खाल्लं नाही," मी म्हणालो. मग काशीचं सांगितलं, शेळीचं सांगितलं, जिभेचंही सांगितलं.

ती रागवली नाही. रागवली असती तर बरं झालं असतं. तिनं फूटपट्टी काढली आणि माझ्या पानावर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढली.

"पहिल्याच दिवशी सांगायचं होतं, काका. मी काही म्हणले नसते."

"तू पुन्हा आली नसतीस."

ती उठली. टेप गुंडाळली, पिशवी खांद्याला लावली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. तिच्या चेहऱ्यावर आता वेगळीच धास्ती होती.

"बाकीच्या बाराजणांनीबी मला असंच फशिवलं असंल का?"

"नाही," मी म्हणालो. "ते कशाला फसवतील? त्यांच्या घरात माणसं आहेत."