हातगुण

"सरका, सरका! दादा आले!"

धाकट्याच्या ओरडण्याने शेडमधली साठ-सत्तर माणसं दोन्ही बाजूंना झाली. मध्ये आमचं पहिलं प्रेस मशीन, बंद पडलेलं. मी काठी टेकत गेलो, मोटरवर तळवा ठेवला, जरा थांबलो आणि म्हणालो, "लावा." ऑपरेटरने बटण दाबलं आणि मशीन धडधडायला लागलं. टाळ्या पडल्या. एकाने तर डोळे पुसले.

"बघितलंत?" धाकटा म्हणाला. "तिकडे मोठमोठे इंजिनियर मीटर लावून बसतात. इथे नुसता हात! हातगुण लागतो हातगुण, तो कॉलेजात शिकवत नाहीत!"

धाकटा म्हणजे माझा भाऊ. कारखान्याची विक्री तो बघतो. त्याच्या जिभेला तेलपाणी लागत नाही.

मी बहात्तर वर्षांचा. चाळीस वर्षांपूर्वी एका गॅरेजात मी दोन धातूंची एक पट्टी बनवली. मोटर तापली की पट्टी वाकते आणि वीज तोडते. निवली की सरळ होते. मोटर जळण्यापासून वाचते, एवढाच माझा शोध. त्यावर हा कारखाना उभा राहिला. शोधाबद्दल मला कोणी विचारत नाही, हाताबद्दल सगळे विचारतात. खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरंही वाटलं. पुढे कंटाळा आला, आणि कंटाळ्यापायी मी गप्प बसलो.

त्या दिवशी गर्दी पांगली तरी पट्टीताई उभीच. वीस वर्षं ती टेबलावर पट्ट्या जोडते, म्हणून हे नाव. अलीकडे दर सोमवारी ती माझ्यापुढे डोकं वाकवायची, मी हात ठेवायचो. मला वाटायचं, नमस्कार आहे.

"साहेब, अजून किती सोमवार लागतील?"

"कशाला?"

"गाठीला." तिने काखेपाशी हात नेला. "दवाखान्याने ऑपरेशनची तारीख दिली होती. धाकटे साहेब म्हणाले, कापाकापीची घाई कशाला, आधी दादांचा हात फिरू दे."

"कधीची तारीख?"

"झाले की दोन महिने."

मी स्टुलावर बसलो. चाळीस वर्षांत इतका थकवा मला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांना मशीनभोवती बोलावलं आणि मोटरवर ताण येऊन ती तापावी म्हणून जाड पत्रा लावायला सांगितला. अर्ध्या तासात मशीन थांबलं.

"दादा, हात..." धाकटा म्हणाला.

"हात खिशात आहेत." मी ऑपरेटरकडे वळलो. "मला बोलावल्यापासून मी इथे पोचेपर्यंत किती वेळ जातो?"

"वीसेक मिनिटं. तुमचे गुडघे..."

"तेवढ्यात बटण दाबून बघतोस?"

"छे! दादा येईपर्यंत बटणाला हात लावला तर गुण जातो, असं धाकटे साहेब सांगतात."

वीस मिनिटं आम्ही नुसते उभे राहिलो. मग मी पट्टीताईला म्हणालो, "दाब." तिने दाबलं. मशीन चालू झालं.

मागून एक आवाज आला, "साहेबांची नजर होती ना मशीनवर!"

मी कपाळाला हात लावला. पुन्हा थांबलं तेव्हा मी सरळ शेडमागच्या घरी गेलो आणि चहा घेत बसलो. कप रिकामा झाला तोवर मशीनची धडधड स्वयंपाकघरात ऐकू आली. पट्टीताईने पुन्हा बटण दाबलं होतं.

परत येऊन मी वीज तोडायला लावली. मोटरच्या जाळीवर धाकट्याने माझा काचेचा फोटो टांगला होता. हवा आत जायची तीच वाट, आणि मी कधी लक्षच दिलं नव्हतं. फोटोमुळे मोटर तापायची, तापली की थांबायची, आणि मला आणायला माणूस धावायचा. मी फोटो काढला, झाकण उघडलं.

"पट्टीताई, हे काय आहे?"

ती वाकली. "ही तर आपली पट्टी! रोज आठशे करते मी. तापली की वाकते, निवली की..." ती थांबली. "मग तुम्ही हात कशाला लावायचात?"

"मोटर निवली का ते बघायला."

"आणि माझ्या गाठीचं?"

"गाठीतलं माझ्या हाताला काही कळत नाही, बाई. ज्याला कळतं त्याने तारीख दिली होती."

"दादा, लोकांच्या श्रद्धेला असा धक्का..." धाकटा पुढे आला.

"तू तिचे दोन महिने घेतलेस," मी म्हणालो. "आणि मी हात पुढे केला म्हणून तुला घेता आले."

दुपारी मीच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली, जुना कागद पाहिला आणि विचारलं, "एवढा उशीर का?" मी सगळं सांगितलं. मला लाज वाटली, आणि वाटायलाच हवी होती.

"ऑपरेशन करू," बाई म्हणाल्या. "पण गाठ वाढलीय. तेव्हा काम सोपं होतं."

म्हणून हे लिहितोय. मशीन थांबलं तर झाकण उघडून बघा. अंग बिघडलं तर डॉक्टरांकडे जा, दिलेल्या तारखेला जा. कोणी डोक्यावर हात ठेवला तर त्याला विचारा, बाबा रे, तुला नक्की काय कळतं? आणि ज्याच्या हाताला लोक नसलेला गुण चिकटवतात, त्याने पहिल्याच दिवशी तो झटकून टाकावा. मी गप्प बसलो. तिचे ते दोन महिने आता मला कुठल्याच हाताने परत देता येत नाहीत.